अकरा इंच

बॅग आधी घेतली.
गणपतीत, नव्या पेठेत, फुटपाथला लागून असलेल्या दुकानात,
काळी, तीन चेनची, आत फोमचा कप्पा,
साडेचारशे सांगून तीनशे ऐंशीला दिलेली.
लॅपटॉप तेव्हा नव्हता.
भिशीत माझा नंबर शेवटचा,
म्हणजे तो मे महिन्यात होता.

तोवर फोमच्या कप्प्यात डबा ठेवला.
दोन कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी,
तेल झिरपू नये म्हणून दुहेरी कॅरीबॅगेत.
टॉवेलच्या कारखान्यात मी डिस्पॅचला आहे.
गाठी मोजते, वहीत उतरवते,
तेच आकडे मग इरेश कॉम्प्युटरवर चढवतो
आणि माझ्याहून चार हजार जास्त घेतो.
तोच म्हणाला पहिल्या दिवशी,
"काय नागमणी, लॅपटॉप घेतलीस की काय?"
हो म्हणाले.
तोंडातून निघूनच गेलं.

मग आठ महिने ती बॅग
मी कधी आपटली नाही.
टेबलाखाली हलकेच ठेवायची, दोन्ही हातांनी,
आत चटणी.

मे महिन्यात पैसे आले.
दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं,
दुकानात एसी होता म्हणून मी जरा जास्तच वेळ बघितले.
शेवटी सगळ्यात लहान, कडेला ठेवलेला,
झाकणावर ओरखडा, म्हणून बाराशे कमी.
पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला,
"हळू आहे बरं का ताई."
म्हटलं, मी पण.
"गेम चालणार नाही यावर."
हिशेब चालतो का?
"हिशेब चालतो की. टाकून बघा काहीतरी."
काही सुचेना. एका बोटाने टाकलं
पंचवीस गुणिले चाळीस.
हजार आले.
आईचा एक दिवस.
पंचवीसचा कट्टा, असे चाळीस,
छाट निघाली तर त्यातून वजा.

बॅग होती पंधरा इंचांची, हा अकरा.
कुंभारीपर्यंत रिक्षात तो आत
या कडेहून त्या कडेला,
मोठ्या डब्यातल्या एकट्या भाकरीसारखा.
मी बॅग पोटाशी धरून बसले.
शेजारच्या बाईने उगाच सरकून जागा दिली.

आईने सूप बाजूला ठेवलं, पानांवर ओलं फडकं टाकलं.
"इंत चिन्नदा?"
एवढुसाच?
मग वीत लावली. एक वीत, चार बोटं.
तेवढ्यावरून काय ठरवलं कोण जाणे,
मान हलवून तिने तो मांडीवर घेतला,
सूप असतं बरोबर तिथेच,
तसाच, जरा आपल्याकडे कललेला.
बाण हलवून बघ म्हटलं.
तिच्या बोटाने हलेना.
पुसून बघितलं बोट, पदराला, मग फुंकर मारून.
रेशनच्या मशीनवरही तिचा अंगठा उठत नाही,
तिथे ती चिडते.
इथे हसली.
"नीच राहू दे," म्हणाली, "तुझाच आहे हा. गरम होतोय पण."
आणि तरी लगेच दिला नाही.

रात्री मी सेकंडचा टॉवेल काढला,
कडेचा एक धागा सुटलेला, निळा,
कारखान्यात तीस रुपयांना मिळाला होता.
त्यात गुंडाळून ठेवला तर
बॅग भरली. हलवून बघितली. आवाज नाही.

सोमवारी मुद्दाम जरा लवकर गेले.
बॅग टेबलावर ठेवली, वर,
सगळ्यांना दिसेल अशी.
कुणी काही विचारलं नाही.
का विचारतील?
त्यांच्या लेखी तो गणपतीपासून आहे.
इरेशने चहा दिला, वही मागितली.
म्हटलं, आज वही नाही,
आणि चेन उघडली.
आधी लसणाचा वास आला,
मग टॉवेलचं निळं टोक.